नऊ दिवसांत न बसणारी सरोवरं

दिवाळीचे फटाके विझतात न विझतात तोच ऑफिसातल्या टेबलांवर पुढच्या वर्षाची कॅलेंडरं येतात आणि ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक हिशेब सुरू होतो. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच कामाचे दिवस. रजा फक्त पाच, हातात मात्र नऊ दिवस. काश्मीरमधल्या उंचावरच्या सरोवरांचा ट्रेक, ज्याला आता सगळे ‘केजीएल’ (काश्मीर ग्रेट लेक्स) म्हणतात, या नऊ दिवसांत अगदी फिट्ट बसतो. शनिवारी विमानानं श्रीनगर, रविवारी सोनमर्ग, सोमवारी निचनई, मंगळवारी विशनसर, बुधवारी गडसर, गुरुवारी सतसर, शुक्रवारी गंगाबल, शनिवारी नारानागला उतरून पुन्हा श्रीनगर आणि रविवारी रात्री पुण्या-मुंबईत घरी. सोमवारी सकाळी माणूस कामावर हजर. कुणीतरी हे एक्सेलमध्ये मांडून ग्रुपवर टाकतं, खाली अंगठे उठतात, तिकिटं निघतात आणि मग पुढचे सात-आठ महिने चर्चा चालते ती बूट कुठल्या कंपनीचे घ्यायचे आणि सॅक पन्नास लिटरची की साठ लिटरची याची.

या आखणीत खोट एकच आहे, पण ती मुळातच आहे: तिच्यात रिकामा दिवस नाही. उंचावरच्या सरोवरांच्या ट्रेकचं नियोजन म्हणजे रोज किती किलोमीटर चालायचं याचा तक्ता, असं आपण धरून चालतो. खरा तक्ता असायला हवा तो रोज रात्री किती उंचीवर झोपायचं याचा. त्यात मोकळे दिवस कुठे आहेत आणि कुणाची तब्येत बिघडली तर त्या ठिकाणाहून खाली उतरायला वाट आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तिकीट काढू नये. बाकीचं सगळं, बूट-सॅक-जॅकेटसकट, दुय्यम आहे. हे म्हणणं काहींना अतिसावध वाटेल, म्हणून ते पुराव्यानिशी मांडायला हवं.

आधी उंचीचा अंदाज घेऊ. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे. श्रीनगर शहर सुमारे १,५८५ मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या देवळापाशी पोहोचून आपण जी उंची गाठल्याचा आनंद मानतो, तिथे काश्मीरमध्ये माणसं भाजी घ्यायला बाहेर पडलेली असतात. हरिश्चंद्रगड, रतनगड, अगदी अलंग-मदन-कुलंगसारखी अंगावर काटा आणणारी चढाईसुद्धा शरीराला घाम, गुडघे आणि धाडस शिकवते. विरळ हवेबद्दल ती काहीच शिकवत नाही, कारण आपल्याकडे तशी हवाच नाही. कळसूबाईच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८२ टक्के असतो. निचनईच्या मुक्कामी, साधारण ३,५०० मीटरवर, तो ६५ टक्क्यांच्या आसपास येतो आणि या वाटेवरच्या सर्वांत उंच जागी, सुमारे ४,२०० मीटरच्या गडसर खिंडीत, ६० टक्क्यांवर. प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. वरच्या नऊ दिवसांच्या तक्त्यात हे आकडे भरून पाहा. शनिवारी सकाळी समुद्रकाठच्या शहरात असलेला माणूस सोमवारी रात्री ३,५०० मीटरवर झोपतो आणि बुधवारी दुपारी ४,२०० मीटरच्या खिंडीत उभा असतो.

शरीर या बदलाला तोंड देतं, नाही असं नाही. पण त्याची पद्धत आणि गती ठरलेली आहे. पहिल्या काही तासांत श्वास जलद होतो. त्यामुळे रक्तातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालू लागतो. हा लगाम सैल व्हायचा तर मूत्रपिंडांनी रक्तातला जादा बायकार्बोनेट बाहेर टाकायला हवा, आणि त्याला तास नव्हे, दिवस लागतात. झोपेत श्वास आपोआप मंदावतो, काहींचा तर मधूनमधून क्षणभर थांबतो, त्यामुळे रक्तातल्या प्राणवायूची पातळी रात्री सर्वांत खाली जाते. गिर्यारोहणाच्या वैद्यकात दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीला महत्त्व आहे ते म्हणूनच. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. केजीएलच्या रूढ आखणीत सोनमर्गजवळच्या शितकडीहून, म्हणजे २,४०० मीटरच्या आसपासून, पहिल्याच दिवशी निचनईला मुक्काम असतो. एका दिवसात सुमारे ११०० मीटर. त्यानंतर मुक्कामांची उंची जवळपास सपाट राहते, विशनसर ३,७००, गडसर आणि सतसर ३,६००च्या आसपास, गंगाबल ३,५७०. सगळी उडी पहिल्या दिवसात कोंबलेली आहे.

लोणचं मुरायला जितके दिवस लागतात तितके लागतात, बरणी कितीही भारी असली तरी. तंदुरुस्ती ही बरणी आहे. हे पटवून घ्यायला आपल्यापेक्षा नक्कीच जास्त तंदुरुस्त असलेल्या माणसांकडे, सैनिकांकडे, पाहावं. १९६२च्या युद्धाच्या काळात आणि त्यानंतर भारतीय लष्कराला हजारो जवान अल्पावधीत हिमालयात चढवावे लागले. त्या काळात आजारी पडलेल्या सुमारे दोन हजार जवानांचा अभ्यास इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावरचा तो आजही उद्धृत होणारा निबंध आहे. ते सगळे निवडून घेतलेले, कवायत केलेले तरुण होते. लष्करानं त्यातून धडा घेतला आणि आज त्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे: २,७०० ते ३,६०० मीटरसाठी सहा दिवस, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांतीचे; ३,६०० ते ४,५०० मीटरसाठी आणखी चार दिवस; त्यापुढे पुन्हा चार. म्हणजे गडसर खिंडीच्या उंचीवर जवानाला कामाला लावण्याआधी दहा दिवस जातात. आपला आयटी अभियंता तिथे चालायला लागल्यापासून तिसऱ्या दिवशी पोहोचतो. लष्कराचं मोजमाप जसंच्या तसं ट्रेकरला लागू होत नाही हे खरं. जवानाला महिनोन्‌महिने वर राहून वजन उचलायचं असतं, आपण खिंड ओलांडून तासाभरात खाली उतरतो. पण दहा आणि तीन यांच्यातलं अंतर इतकं मोठं आहे की ते नुसतं ‘परिस्थिती वेगळी’ म्हणून उडवून लावता येणार नाही.

दुसरा पुरावा नेपाळमधला आहे, आणि तो आपल्या विमानाच्या तिकिटाशी थेट संबंधित आहे. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या फेरिचे या ४,२४३ मीटरवरच्या गावी हॅकेट आणि रेनी या डॉक्टरांनी २७८ ट्रेकर्सची पाहणी केली आणि ती १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. त्यातल्या ५३ टक्के लोकांना उंचीचा त्रास झाला होता. २,८०० मीटरवरच्या लुक्लापर्यंत जे विमानानं आले, जे भराभर चढले आणि ज्यांनी वाटेत कमी रात्री काढल्या, त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. तरुणांमध्येही जास्त होतं. पाठीवर किती वजन होतं याचा मात्र संबंध दिसला नाही. हा निष्कर्ष जुन्या यात्रेकरूंना वेगळा सांगावा लागला नसता. हरमुख शिखराच्या पायथ्याचं गंगाबल हे काश्मिरी पंडितांचं परंपरेनं अस्थिविसर्जनाचं तीर्थ. नारानागच्या, आठव्या शतकातल्या ललितादित्याच्या काळाशी जोडल्या जाणाऱ्या देवळांपासून तिकडे वाट चढते. तिथे जाणारी माणसं खोऱ्यातच जन्मलेली होती आणि पायी जात होती. चालत गेल्यानं जे सरावाचे दिवस त्यांना फुकट मिळायचे, ते मुंबई-श्रीनगर विमानानं आपल्याकडून काढून घेतले आहेत. ते परत मिळवायचे तर आखणीत मुद्दाम घालावे लागतात.

इथपर्यंतचं सगळं हिमालयातल्या कुठल्याही उंच ट्रेकला लागू आहे. केजीएलची खरी मेख त्याच्या घडणीत आहे, आणि माहितीपत्रकांतून नेमकी तीच निसटते. उंचीच्या गंभीर आजारावर खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणं, तेही लगेच. एव्हरेस्टच्या वाटेवर आजारी माणूस पाठ फिरवून खाली चालू लागला की दर पावलाला उंची कमी होते. केजीएलवर तसं नाही. निचनईच्या मुक्कामापर्यंत परतीची वाट सरळ उताराची आहे, सोनमर्गपर्यंत. पण दुसऱ्या दिवशी ४,००० मीटरहून उंच निचनई खिंड ओलांडून विशनसरला उतरलं की दार मागे लागतं. आता परतायचं तर आधी तीन-चारशे मीटर चढून तीच खिंड पुन्हा ओलांडायची. आणखी एक दिवस पुढे गेलं की गडसर. तिथून मागे जायला गडसर खिंड, पुढे जायला सतसर आणि त्यानंतर झाजीबलची, पुन्हा ४,००० मीटरच्या वरची खिंड. विशनसर आणि गडसरचं पाणी उत्तरेला किशनगंगेकडे जातं, गुरेझच्या बाजूला. तो नियंत्रण रेषेकडचा भाग. आजारी माणूस तिकडून उतरवायचा हे कुठल्याच ट्रेकच्या आखणीत धरलेलं नसतं. थोडक्यात, या ट्रेकच्या मधल्या तीन रात्री अशा जागी जातात की जिथून खाली जाण्यासाठी आधी वर चढावं लागतं. फुफ्फुसात पाणी साठू लागलेल्या माणसाला चढ चढवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घोड्यावर बसवून नेता येतं, पण घोड्याला उजेड लागतो, वाट कोरडी लागते आणि तास लागतात.

म्हणून या सगळ्या ट्रेकचा निर्णय खरं तर निचनईच्या पहिल्या संध्याकाळी होतो. भूर्ज आणि पाईनची झाडं मागे पडलेली, दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये नाला आणि काठावर तंबूंची रांग. चारच्या सुमाराला सगळे पोहोचलेले असतात. सूप आणि पकोडे येतात. कुणाचं तरी डोकं दुखत असतं. तो म्हणतो, उन्हामुळे असेल. हा ‘असेल’ तिथेच तपासायला हवा. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा नेहमीच्या थकव्यापलीकडचा थकवा यांपैकी काही असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ती उंचीचीच बाधा मानायची, हा जगभरचा नियम आहे. जेवणाच्या तंबूत कोण आलं नाही, कुणी ताट तसंच ठेवलं, हे लीडरनं पाहायचं. शंका असेल तर जमिनीवर काठीनं पाच-सहा पावलांची सरळ रेघ ओढायची आणि त्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगायचं. तोल जात असेल तर तो थकवा नव्हे, मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असू शकते, आणि मग सकाळची वाट न पाहता खाली निघायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला थांबत नसेल तर फुफ्फुसांची शंका घ्यायची. ही बाधा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या दरम्यान डोकं वर काढते, म्हणजे केजीएलवर नेमकी विशनसर-गडसरला. साधा त्रास असेल तर एक दिवस तिथेच थांबायचं. बहुतेकांची डोकेदुखी चोवीस तासांत उतरते. पण थांबायला दिवस हवा. नऊ दिवसांच्या तक्त्यात तो नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून त्या माणसाची समजूत घालतात, एक गोळी देतात आणि खिंडीकडे चालू लागतात. त्या सकाळी जो निर्णय व्हायला हवा होता, तो सात महिन्यांपूर्वी एक्सेलमध्येच होऊन गेलेला असतो.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: दर हंगामात इतके लोक सात-आठ दिवसांत हा ट्रेक करून सुखरूप येतात, मग एवढा बाऊ कशाला? येतात, हे खरंच आहे. ज्यांना त्रास होतो त्यांतल्याही बहुतेकांना तो सौम्यच होतो. फेरिचेच्या पाहणीत आजारी पडलेले निम्मे लोक काही मेले नव्हते. पण सुखरूप परत आलेल्यांचीच छायाचित्रं आपल्यापर्यंत पोहोचतात. डोकं धरून पाच दिवस चाललेला, विशनसरजवळच्या किशनसर सरोवराच्या काठावर बसून ओकलेला माणूसही शेवटी हसतमुख फोटोच टाकतो. शिवाय प्रश्न शंभरांत किती जणांना होतं एवढाच नाही. ज्या एकाला होईल त्याच्यासाठी त्या जागी काय करता येईल, हाही आहे. आणि इथे उत्तर जवळपास ‘काही नाही’ असं आहे. सोनमर्ग सोडलं की मोबाइलची रेंज जवळपास संपते; बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तर जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाही, पोस्टपेडच लागतं. परदेशी ट्रेकर्सचे सल्ले वाचून कुणी सॅटेलाइट फोन किंवा तसला संदेशक सोबत नेण्याचा विचार करत असेल तर त्यानं तो सोडून द्यावा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते उपकरण बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि या भागात तर त्याची किंमत अटकेत मोजावी लागते. मदत मागायची तर माणूसच खिंड ओलांडून धाडावा लागतो, किंवा लष्कराची चौकी गाठावी लागते.

जवळच बालटालहून निघणाऱ्या अमरनाथच्या वाटेचं उदाहरण इथे बोलकं आहे. गुहा ३,८८८ मीटरवर. २०१२ साली यात्रेत डझनावारी माणसं दगावल्यावर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आज तिथे ठरलेल्या डॉक्टरचा आरोग्य दाखला असल्याशिवाय नोंदणी होत नाही, तेरापेक्षा लहान आणि सत्तरपेक्षा मोठ्या व्यक्तीला परवानगी मिळत नाही आणि वाटेवर ठिकठिकाणी वैद्यकीय तंबू असतात. त्याच डोंगररांगांमध्ये, त्याहून उंच खिंडी ओलांडणाऱ्या ट्रेकवर यांतलं जे काही असेल ते आयोजकाच्या मर्जीवर. भक्ताला जी काळजी सक्तीची, ती हौशी माणसाला ऐच्छिक का असावी, हे कोडंच आहे.

दुसरा आक्षेप गोळीचा: डायमॉक्स घेतली की झालं. या औषधाबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे ती सगळ्यापासून वाचवते. दुसरा, अनुभवी मंडळींमध्ये जास्त दिसणारा, की ती लक्षणं झाकते आणि म्हणून घातक आहे. दोन्ही चूक. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांकडून तेच बायकार्बोनेट बाहेर टाकण्याचं काम जलद करून घेते, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक प्रक्रियेलाच हात देते. झाकत काही नाही. फेरिचेच्या पाहणीत विमानानं आलेल्यांना तिचा फायदा दिसलाही होता. एका दिवसात ११०० मीटरची उडी टाळताच येत नसेल तर डॉक्टरांना विचारून, सल्फा औषधांचं वावडं नाही याची खात्री करून, ती घेणं शहाणपणाचं आहे. पण ती त्रासाची शक्यता कमी करते, शून्य करत नाही, आणि खिंडीच्या पलीकडे अडकलेल्या माणसासाठी वाट तर मुळीच तयार करत नाही. गोळी रिकाम्या दिवसाच्या जोडीला असावी, बदली म्हणून नव्हे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच: गारठलेल्या बोटावर तो वाटेल ते आकडे दाखवतो, आणि आकडा चांगला आला म्हणून रेघेवर तोल जाणाऱ्या माणसाला वर नेणं हा शुद्ध वेडेपणा.

तिसरा आक्षेप स्थानिकांकडे बोट दाखवतो. घोडेवाला पोरगा प्लास्टिकच्या चपला घालून उड्या मारत खिंड चढतो, त्याला कुठे काय होतं? त्याचा हंगामच जूनमध्ये सुरू झालेला असतो. ज्या बकरवालांच्या मेंढ्या-बकऱ्या या कुरणांत दिसतात, ते तर राजौरी-पूंछकडच्या पायथ्यांवरून वसंतात निघून, कुटुंबकबिला, घोडे, कुत्री घेऊन आठवडेच्या आठवडे चढत या ढोकांपर्यंत, म्हणजे उन्हाळी मुक्कामांपर्यंत, येतात आणि सप्टेंबरात तसेच उतरतात. सरावाचं याहून शास्त्रशुद्ध वेळापत्रक शोधून सापडणार नाही. त्यांच्याकडून शिकायचंच असेल तर वेग नव्हे, ही सावकाशी शिकावी.

रिकाम्या दिवसाची गरज फक्त शरीरासाठी नाही, आभाळासाठीही आहे. पीर पंजालच्या आडोशामुळे मोसमी पावसाचा मारा इथे सह्याद्रीसारखा नसतो, म्हणूनच जुलै ते सप्टेंबरचा पूर्वार्ध हा या ट्रेकचा हंगाम. पण जुलैच्या सुरुवातीला खिंडींत बर्फ असतो, सप्टेंबरात नवा पडू शकतो आणि मधल्या काळात पश्चिमेकडून एखादी वादळी प्रणाली आली की दोन दिवस तंबूत काढावे लागतात. ज्या तुकडीकडे असे दोन दिवस नसतात ती धुक्यात, ओल्या खडकांवरून खिंडीत शिरते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालाच्या वाटेवर २२ जणांची तुकडी अशाच खराब हवेत सापडली आणि त्यांतले नऊ जण गेले. त्या तुकडीनं काय करायला हवं होतं, हे इथे बसून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. मात्र ४,००० मीटरच्या वर जूनमध्येही हिमवादळ येतं आणि माणसं थंडीनं मरतात, ही वस्तुस्थिती आपल्या आखणीत शिरायला हवी. सगळ्यांना ओढणारी ती सोमवारची हजेरी वाईट हवेत सर्वांत वाईट सल्लागार ठरते.

आखणी पूर्णपणे कोसळू शकते, हेही धरून चालावं. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि रूपकुंडसारखे गाजलेले ट्रेक एका निकालानं अडले. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. म्हणून परवानगी त्या-त्या हंगामात खात्री करून घ्यावी, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं, कारण वाटेवरच्या लष्करी चौक्यांवर ते तपासलं जातं, आणि परत न मिळणारे पैसे शक्य तितक्या उशिरा भरावेत.

आता सगळ्यात प्रामाणिक आक्षेप, ज्याला तुच्छतेनं उत्तर देणं बरं नाही: रजाच नाही. बहुतेक ट्रेकर नोकरदार आहेत. पाचाऐवजी आठ दिवस रजा मागणं म्हणजे वर्षाची कमाई एकदम खर्च करणं. शिवाय प्रत्येक जादा दिवसाचा स्वयंपाकी, घोडे, तंबू यांचा खर्च वाढतो, आणि ठरलेल्या तारखांच्या तुकड्या चालवणाऱ्या आयोजकाला एका माणसासाठी थांबणं परवडत नाही. पुढची तुकडी त्याच तंबूंत यायची असते. हा हिशेब खोटा नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा काढला जातो. दिवस कमी असतील तर ट्रेक छोटा घ्यावा, दिवस दाबू नयेत. नारानागहून गंगाबल-नुंदकोलला जाऊन त्याच वाटेनं परत येणं चार दिवसांत होतं, वाटेत त्रुनखोलच्या कुरणाजवळ मुक्काम टाकता येतो. तिथेही चढ खडा आहे आणि झोपेच्या उंचीची उडी मोठीच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. फरक हा की मध्ये एकही खिंड नाही. कुणाला त्रास झाला तर पाठ फिरवायची, आणि पहिल्या पावलापासून उतार. हरमुखचं हिमाच्छादित अंग आणि त्याखालची दोन सरोवरं, म्हणजे या सगळ्या ट्रेकचा बहुधा सर्वांत देखणा भाग, एवढ्यातच पदरात पडतो. यादीतल्या सात सरोवरांऐवजी दोनच पाहिली म्हणून कुणाचं नाक कापलं जात नाही.

आणि पूर्ण केजीएलच करायचा असेल तर बारा दिवस. शक्य असेल तर जाताना विमान टाळून रेल्वेनं जावं; जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला गाडी जाते, त्यामुळे हा प्रवास पूर्वीइतका जिकिरीचा राहिलेला नाही. पण रेल्वेत काढलेले दिवस उंचीच्या सरावाचे नसतात, हे ध्यानात ठेवावं. जादाचे तीन दिवस डोंगरातच हवेत. पहिला सोनमर्गला: त्या दिवशी थाजिवासच्या हिमनदीकडे चढून यावं आणि झोपायला खाली परतावं. दुसरा निचनईच्या आधी, वाटेतल्या शेकदूरच्या कुरणापाशी मुक्काम टाकून, म्हणजे ती ११०० मीटरची उडी दोन पायऱ्यांत विभागते. तिसरा विशनसरला, गडसर खिंडीच्या आधी. तिथे किशनसरपर्यंत रमतगमत जाऊन यावं, ट्राउट पाहावेत, कपडे वाळवावेत आणि सगळ्यांची डोकी तपासावीत. हवा बिघडली तर हाच दिवस आभाळाला देता येतो. आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारावं की एखादा माणूस विशनसरला आजारी पडला तर त्याच्यासोबत मागे कोण जाणार, घोडा कुठला, आणि त्या माणसाला नेण्याचा निर्णय कोण घेणार. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा आयोजक शोधावा.

येत्या वर्षाची कॅलेंडरं आता हातात येतीलच. रजेचा अर्ज भरताना पाचाऐवजी आठ दिवस लिहा. साहेबांनी नाही म्हटलं तर नारानागची वाट धरा.